उडून जाणारं तेल आणि खापराखालचं जळण

चेन सॉला, म्हणजे लाकूड कापायच्या साखळीच्या मशीनला, दोन टाक्या असतात. एकीत टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल, दुसरीत साखळीचं तेल. पेट्रोल जळून जातं हे सगळ्यांना माहीत असतं. साखळीचं तेल कुठे जातं, याचा विचार मशीन वापरणारेही फारसा करत नाहीत. ट्रॅक्टरच्या इंजिनात ऑइल आतल्या आत फिरत राहतं आणि काळं पडलं की आपण ते काढून घेतो. चेन सॉमध्ये तशी सोयच नाही. साखळी एका लांब पट्टीभोवती फिरते. पंप थोडं थोडं तेल त्या पट्टीच्या खोबणीत सोडतो, साखळी ते ओढत पुढे नेते, आणि पट्टीच्या टोकाला वळताना ते भिरकावलं जातं. पूर्ण रेसवर साखळीचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. आमच्याकडे सर्रास दिसणाऱ्या ५८ सीसीच्या मशीनला पेट्रोलची टाकी साधारण ५५० मिलिलिटरची आणि तेलाची २६० मिलिलिटरची असते, आणि दोन्ही जवळपास बरोबरच रिकाम्या होतात. लिटरभर पेट्रोल जळेपर्यंत अर्धा लिटर तेल भुशात, ओंडक्यावर, मातीत आणि मशीन धरणाऱ्याच्या अंगावर गेलेलं असतं.

गेल्या वर्षी मृग लागायच्या तोंडावर आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल भागात वादळ झालं. केळीपट्ट्यात राहणाऱ्याला जूनचं वादळ काय असतं ते सांगावं लागत नाही. घड लागलेले खांब अर्ध्या तासात आडवे झाले. पंचनामे झाले, आडवी केळी तोडून बाहेर काढली, ठिबकच्या नळ्या सोडवल्या. झाडांकडे बघायला वेळ मिळाला तो त्यानंतर. आजोबांच्या वेळचा बांधावरचा निंब मुळासकट उलथला होता, आणि नाल्याकाठची जुनी बाभूळ मध्यातून चिरून शेताच्या रस्त्यावर पडली होती.

तोडायला हात लावण्याआधी एक गोष्ट बघून घ्यावी. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशी झाडं आहेत, आणि आमच्या सातपुड्याच्या पायथ्याचा अंजनही आहे. यांपैकी झाड असेल तर आपल्या मालकीच्या बांधावरचं असलं तरी लेखी परवानगी लागते. निंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. तरी मी पडलेल्या झाडांचे फोटो काढून तलाठ्यांना दाखवले. रस्त्याच्या कडेने लाकूड भरलेली ट्रॉली न्यायची असेल तर असं दाखवून ठेवलेलं बरं.

रस्ता मोकळा करायची घाई होती, म्हणून बाभळीसाठी तासावर मशीनवाला बोलावला. त्याने पेट्रोल भरलं आणि तेलाच्या टाकीत एका जुन्या कॅनमधून काळं ऑइल ओतलं. गॅरेजमध्ये गाड्यांतून काढलेलं जळकं ऑइल. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नवं ऑइल कशाले टाकतो रे भो? सगळं उडूनच जातं ना." त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं, सगळं उडूनच जातं. मला ते ऑइल नको होतं ते याच कारणासाठी. जे आत राहणार आहे ते एकवेळ खराब चालेल. जे माझ्या विहिरीच्या काठावर, माझ्या लाकडावर आणि कापणाऱ्याच्या छातीत जाणार आहे, ते खराब कसं चालेल?

संध्याकाळी आई लाकूड बघायला आली. कापलेल्या ओंडक्यांच्या तोंडावर काळपट पट्टे होते. तिने एक तुकडा उचलून नाकाशी धरला आणि म्हणाली, "या लाकडाले रॉकेलसारखा वास येतो. हे खापराखाले लावायचं नाही." तिचं ते वाक्य माझ्यासाठी निर्णायक होतं. त्या दिवशी कापलेलं लाकूड आम्ही वेगळं ठेवलं. तोंडाच्या बोटभर जाडीच्या चकत्या काढून टाकल्या, आणि उरलेलं स्वयंपाकाकडे न येऊ देता नंतर गुरांच्या गोठ्याबाहेर पाणी तापवायला वापरलं.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं खापराबद्दल. खापर म्हणजे मातीचं मोठं, घुमटाकार भांडं. ते चुलीवर उपडं ठेवतात, खालून जाळ लावतात आणि वरच्या फुगीर पाठीवर पुरणपोळी टाकतात. पोळी लाटत नाहीत. दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करतात आणि एका झटक्यात खापरावर सोडतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे ती होतेच. त्या दिवशी घागर भरून पितरांना नैवेद्य दाखवतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, सालदाराचं, म्हणजे सालगड्याचं, जुनं वर्ष संपून नवं सुरू होतं. पोळी पातळ असल्यामुळे थोड्याच वेळात भाजून निघते, आणि खापराच्या कडेने वर येणारी झळ आणि धूर थेट तिच्यावरून जातो. लाकडात जे असेल ते पोळीत उतरतं. आमच्या घरात गॅस आहे, रोजचा स्वयंपाक त्यावरच होतो. पण खापराला गॅसची शेगडी पुरत नाही. तिथे लाकूडच लागतं, आणि ते स्वच्छच लागतं.

जळक्या ऑइलबद्दल माझा विरोध फक्त वासापुरता नाही. इंजिनात तापून तापून त्यात काजळी, धातूचे बारीक कण, थोडं पेट्रोल-डिझेल आणि पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन साठतात. या शेवटच्या गटातली अनेक द्रव्यं कर्करोगकारक आहेत. गाडीखाली झोपून काम करणारा मेकॅनिकसुद्धा ते हाताला कमीत कमी लागावं असं बघतो. मग त्याचा फवारा करून त्यात दिवसभर उभं राहायचं, तेही उघड्या हातांनी आणि तोंडाला काही न बांधता? आपल्या देशातल्या २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते नोंदणीकृत फेरप्रक्रियेकडे गेलं पाहिजे. बरं, मशीनचाही त्यात फायदा नाही. त्यातले धातूचे कण तेलाच्या पंपाला आणि पट्टीच्या खोबणीला घासतात, आणि चिकटपणा नसल्यामुळे पट्टीच्या खालच्या बाजूला तेल पोचतच नाही. पैसे वाचले असं वाटतं आणि पट्टी लवकर जाते.

निंबाचं काम मोठं होतं. त्यासाठी मी स्वतःची मशीन घेतली आणि तेल कोणतं घालायचं ते नीट बघायचं ठरवलं.

साखळीच्या तेलात दोन गुण लागतात. एक जाडपणा, दुसरा चिकटपणा. जाडपणा मोजता येतो आणि डब्यावर लिहिलेलाही असतो. चिकटपणा बोटांनी बघायचा. अंगठा आणि तर्जनीत थेंब घेऊन बोटं हळू उघडायची. पाक एकतारी झाला का हे बघतो तसंच. खास साखळीसाठी बनवलेल्या बार ऑइलची लांब तार निघते, कारण त्यात चिकटपणा आणणारं द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. त्या तारेमुळेच ते टोकाला वळताना सगळंच्या सगळं उडत नाही, थोडं साखळीला धरून खालच्या बाजूला येतं. इंजिन ऑइलची तार तुटते. २०डब्ल्यू-४० प्रत्येक पेट्रोल पंपावर मिळतं, जाडीही पुरेशी असते, अडीअडचणीला चालतं, पण उडतं फार. गिअरचं ९० नंबर ऑइल जास्त चिकटून राहतं, पण त्यात गंधकाची द्रव्यं असतात आणि तापल्यावर वास सुटतो. चुलीच्या लाकडासाठी ते मी बादच केलं. टू-टी ऑइल पेट्रोलात मिसळण्यासाठी असतं, साखळीवर त्याचा उपयोग नाही. दुकानात हे तीनही एकाच फळीवर ठेवलेले असतात, म्हणून सांगतो.

बार ऑइल घेतलं आणि ते चांगलंच निघालं. तालुक्याच्या ठिकाणी मिळालं नाही, जळगावहून मागवावं लागलं. जाड बाभूळ कापायची, तीही उन्हात, तर मला अजूनही तेच आवडतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. सावलीतली ही गोष्ट. उन्हात तापलेल्या मशीनच्या टाकीत तेल त्याहून गरम असतं. थंड देशांतल्या लोकांना हिवाळ्यात तेल गोठेल याची चिंता असते, आम्हाला ते पाण्यासारखं पातळ होईल याची. म्हणून उन्हाळ्यासाठी जाड प्रत घ्यायची.

पण बार ऑइलही शेवटी खनिज तेलच असतं. जळक्या ऑइलइतकं घातक नाही, तरी मातीत लवकर कुजत नाही. युरोपात जंगलांत काम करणाऱ्यांमध्ये यावर बराच विचार झालेला आहे. तिकडे मोहरीच्या जातीच्या रेपसीडपासून केलेलं साखळीचं तेल वापरतात, आणि ऑस्ट्रियात तर १९९० च्या दशकापासून न कुजणारं साखळीचं तेल वापरायला बंदी आहे. हे वाचल्यावर मला पहिला प्रश्न पडला की आमच्याकडे मोहरी नाही, पण शेंगदाणा आहे, तीळ आहे, सरकी आहे, एरंड तर बांधावर आपोआप उगवतो. तेलबियांच्या प्रदेशात राहून आपण साखळीवर जळकं ऑइल का शिंपडतो?

तेव्हा वनस्पती तेलांकडे वळलो. इथे थोडी माहिती लागते, कारण सगळी खाद्यतेलं सारखी नाहीत. जवसाचं तेल हवेत वाळून पापुद्रा धरतं, म्हणून तर ते रंगात आणि लाकडाच्या पॉलिशला वापरतात. पट्टीच्या खोबणीत ते कधीही घालू नये. सोयाबीन आणि सूर्यफूल तितकी नाहीत, पण तीही काही दिवसांत चिकट होतात. सरकीचं तेल मधल्या गटातलं. शेंगदाण्याचं आणि एरंडेल न वाळणाऱ्या गटातली. जाडीचे आकडे असे की ४० अंश तापमानाला शेंगदाणा तेल साधारण ४० सेंटिस्टोक भरतं, एरंडेल साधारण २५०, आणि बार ऑइल बहुधा १०० ते १५०. नुसतं शेंगदाणा तेल आकड्यावरून फार पातळ वाटतं. प्रत्यक्षात ते तेवढं वाईट चालत नाही. वनस्पती तेल तापल्यावर खनिज तेलाइतक्या झपाट्याने पातळ होत नाही आणि धातूला जास्त धरून राहतं. तरी मी तीन भाग शेंगदाणा तेलात एक भाग एरंडेल मिसळतो. दोन्ही छान एकजीव होतात. एरंडेल खनिज तेलात मात्र नीट मिसळत नाही, वेगळं होऊन तळाशी बसतं. बार ऑइलमध्ये एरंडेल ओतून ते घट्ट करायचा विचार कुणाच्या मनात आला तर तो सोडून द्यावा.

तेल घाण्याचं असेल तर त्यात गाळ असतो. मी ते काही दिवस डब्यात स्थिर ठेवतो, वरचं निवळ तेल दुहेरी सुती कापडातून गाळतो आणि मगच टाकीत घालतो. टाकीच्या आत तेल ओढणाऱ्या नळीला बारीक जाळी असते, ती गाळाने बुजली की पंप कोरडा फिरतो. भजी तळलेलं उरलेलं तेल वापरावं असं काही जण सुचवतात. मी वापरत नाही. त्यात मीठ आणि पिठाचे कण राहतात, आणि तापवून तापवून ते आधीच चिकट व्हायला लागलेलं असतं.

खायचं तेल मशीनमध्ये ओतायचं हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटत नाही, आणि त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून सगळं काम त्यावर करत नाही. खापरासाठीचं लाकूड, विहिरीजवळचं काम, भाजीच्या वाफ्याजवळच्या फांद्या, एवढ्यालाच शेंगदाणा-एरंडेल. बाकी जाड कामाला बार ऑइल. आणि घाण्यावरून आणलेल्या डब्याच्या तळाशी जे तेल उरतं, जे स्वयंपाकाला कुणी घेत नाही, ते निवळून आधी संपवतो.

तेल कोणतंही असो, ते साखळीपर्यंत पोचतंय का हे रोज बघावं. काम सुरू करण्याआधी पट्टीचं टोक पांढऱ्या गोणीच्या वीतभर वर धरून मशीन थोडी रेस करायची. काही क्षणांत गोणीवर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर कापायचं नाही. आधी पट्टीवरचं तेलाचं भोक आणि खोबण साफ करायची. पेट्रोल भरताना तेलही भरायचंच, हा नियम एकदा हाताला लागला की साखळी कोरडी पडत नाही.

आता प्रत्यक्ष निंबाकडे. पडलेलं झाड कापणं उभं झाड पाडण्यापेक्षा सोपं वाटतं, पण ते जास्त फसवं असतं. उलथलेल्या झाडाचा मुळांचा गड्डा मातीसह उभा राहिलेला असतो आणि खोडाच्या वजनाने तोलून धरलेला असतो. खोड बुंध्याजवळ कापलं की तो गड्डा झपकन मागे खड्ड्यात बसू शकतो, किंवा उलट कापणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. आम्ही गड्ड्याला दोन्ही बाजूंनी जाड टेकू दिले, खड्ड्याच्या बाजूला कुणालाही, विशेषतः शेळ्या घेऊन आलेल्या पोरांना, फिरकू दिलं नाही, आणि सगळ्या फांद्या काढून झाल्यावर शेवटी बुंध्याला हात लावला.

प्रत्येक फांदी कापण्याआधी तिच्यात ताण कुठे आणि दाब कुठे हे बघायचं. दोन्ही टोकांना टेकलेल्या, मध्ये अधांतरी असलेल्या फांदीची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. वरून एकदम कापत गेलं तर पट्टी चिमटीत धरली जाते. आधी दाबाच्या बाजूने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूने पूर्ण करायचा. एका टोकाला टेकलेली आणि दुसरीकडे लोंबणारी फांदी असेल तर उलट. आमचे सालदार कुऱ्हाडीचे जुने जाणकार. ते फांदीवर हात दाबून बघतात आणि ती कुठे उसळेल ते सांगतात. मी त्यांनी सांगितल्याशिवाय ताणातली फांदी कापली नाही. कापात सरकवायला निंबाच्याच दोन लाकडी पाचरी करून घेतल्या होत्या. लोखंडी पाचर साखळीला लागली तर दात जातात.

मशीन उसळण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती पट्टीच्या टोकाच्या वरच्या पाव भागाची. तो भाग लाकडाला लागला की पट्टी डोळ्यांसमोर उसळते. डाव्या हाताचा अंगठा हँडलच्या खालून वळवून घट्ट धरायचा, खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, साखळीच्या रेषेत डोकं ठेवायचं नाही. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, कानाला बोळे, पायात जाड बूट. गळ्यात रुमाल किंवा उपरणं ठेवून मशीन चालवणारे मी पाहिले आहेत. मला ते बघवत नाही. मी आमच्या बांधावर तरी तसं करू देत नाही.

धारेबद्दल एवढंच सांगेन की तेलाच्या निम्म्या तक्रारी खरं तर धारेच्या असतात. साखळी बोथट झाली की लाकडातून ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा निघतो, माणूस मशीन दाबायला लागतो, पट्टी तापते, धूर येतो, आणि दोष तेलाला जातो. वादळात पडलेल्या झाडाच्या सालीत काळी माती बसलेली असते, आणि धार जायला मातीचा एक रेटा पुरतो. म्हणून काप घ्यायच्या जागची साल कुऱ्हाडीने आधी तासून घेतली. बांधावरच्या झाडांत तार आणि खिळेही असतात. कुंपणाची तार वर्षानुवर्षं गुंडाळलेली असते आणि साल तिला गिळून टाकते. निंबाच्या बुंध्यात तशी तार निघाली, ती आधी टिकावाने मोकळी केली. साखळीला धार लावायला आमच्या मशीनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. दाताच्या कडेला ३० अंशांचा कोन ठेवायचा, सगळ्या दातांना सारखेच घासे द्यायचे, नाहीतर मशीन एका बाजूला तिरकं कापते. दाताच्या पुढचा ठेंगू उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. दर धारेच्या वेळी पट्टी उलटी करून लावली की दोन्ही कडा सारख्या झिजतात.

सगळं लाकूड जळणात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. निंबाचा सरळ बुंधा मी चुलीसाठी चिरलाच नाही. निंबाला कीड कमी लागते, तो आरा गिरणीवर नेऊन चौकटीसाठी फळ्या काढल्या. बाभळीचा गाभा औजारांच्या दांड्यांना ठेवला. जळणाला फांद्या, गाठी आणि वाकडं-तिकडं लाकूड.

जळणाचे तुकडे कोणत्या मापाचे करायचे हे जाळ कशासाठी लागणार त्यावर असतं. बंबाला, म्हणजे हिवाळ्यात अंघोळीचं पाणी तापवायला, बाभळीचे मनगटाएवढे जाड तुकडे. ते सावकाश जळतात आणि त्यांचे निखारे टिकतात. बाभळीच्या लाकडाची उष्णता किलोला ४,८०० किलोकॅलरीच्या पुढे असते, जळणाच्या लाकडांत ती वरच्या पंक्तीत. भरताच्या वांग्यांना लाकूड लागतच नाही, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा किंवा तुराट्यांचा भडका पुरतो. बामणोदची मोठी हिरवी-पांढरी वांगी त्या भडक्यात साल करपेपर्यंत भाजली की आतला गर शिजून निघतो. बट्टीला गोवऱ्यांचा निखारा. आणि खापराला बोटा-दोन बोटांच्या जाडीच्या चिरफळ्या, कारण तिथे मोठा निखारा नको, सगळ्या पाठीला सारखी लागणारी ज्योत हवी. खापर एका बाजूला जास्त तापलं तर पोळी तिथे करपते आणि दुसरीकडे कच्ची राहते. आईने मापाला एक चिरफळी काढून दिली आणि बाकी सगळ्या तिच्याशी लावून बघितल्या.

बाभूळ ओली असतानाच फोडून घ्यावी. वाळली की कुऱ्हाड उडते. जून-जुलैमध्येच चिरफळ्या करून आम्ही पत्र्याच्या पडवीत रचल्या. खाली दोन ओंडके आडवे टाकून जमिनीपासून वर, बाजू उघड्या, वरून छप्पर. प्लास्टिकने गुंडाळून ठेवलेलं लाकूड पावसाळ्यात आतून घामेजतं आणि बुरशी धरतं, म्हणून फक्त वरून झाकायचं. ताज्या लाकडात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के पाणी असतं, चांगल्या वाळलेल्यात पंधरा ते वीस. किलोभर पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी जातात, ती उष्णता तुमच्या भांड्याला मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे ओलं लाकूड जाळाला थंड ठेवतं. लाकूड तापल्यावर त्यातून वायू निघतात आणि ते पेटले की आपल्याला ज्योत दिसते. जाळ थंड असला की हे वायू न जळताच धूर होऊन डोळ्यांत आणि छातीत जातात. चुलीपाशी खोकणाऱ्या बायकांचं दुखणं बऱ्याचदा ओल्या लाकडाचं असतं. ते लाकूड पुरवणाऱ्या पुरुषाच्या हातात आहे, एवढं तरी पुरुषांनी करावं.

लाकूड वाळलं की नाही हे बघायला तोंडावरच्या चिरा आणि ठोकल्यावरचा टणत्कार हे जुने उपाय आहेतच. मी एका चिरफळीवर खडूने खूण केली आणि ती दर महिन्याला किराण्याच्या वजनकाट्यावर ठेवली. पावसाळ्यात वजन फारसं हललं नाही. दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली तसं ते झपाट्याने उतरलं आणि फेब्रुवारीपासून थांबलं. तेव्हा समजलं की आता ती तयार आहे.

काही लाकडं चुलीला घालूच नयेत. कन्हेराचा धूर विषारी. बिब्ब्याच्या लाकडाचा धूर अंगाला उतरतो, सूज येते. रुईच्या काड्याही नकोत. निंबाचा धूर थोडा कडवट असतो, त्यामुळे खापराला आम्ही बाभूळ आणि बोरच वापरतो आणि निंब बंबाला. रंग दिलेल्या किंवा वाळवीचं औषध मारलेल्या जुन्या चौकटी तर कधीच नाही.

यंदाच्या आखाजीला खापर पडवीबाहेरच्या चुलीवर लागलं. शेंगदाणा-एरंडेलावर कापलेली बाभूळ आणि बोर मी वेगळ्या थप्पीत ठेवली होती, तीच काढली. जाळ लगेच धरला आणि ज्योत खापराच्या पाठीला सारखी लागली. आईने पहिली पोळी उलटल्यावर तिचा वास घेतला आणि काही न बोलता दुसरी हातावर घेतली. बहिणीने ताटात आमरस वाढला तेव्हा आईने तिला सांगितलं, "यंदा लाकूड चांगलं शे." आमच्या घरात इतकं कौतुक पुरतं.

राखेचं एक सांगायचं राहिलं. लाकडाच्या राखेत पालाश, म्हणजे पोटॅश, असतं म्हणून केळीला टाकावी असा सल्ला मिळतो. आमच्या काळ्या जमिनी मुळातच विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, आहेत आणि राखही विम्ल. म्हणून मी ती खोडाशी ढीग करून न टाकता उकिरड्यात पातळ थर देऊन मिसळतो. थोडी चाळून बियाण्याच्या डब्यासाठी ठेवतो.

आता मशीन पावसाळ्यासाठी आत जाणार आहे. वनस्पती तेल टाकीत ठेवून मशीन महिनोन्‌महिने उभी केली तर तेल नळीत आणि खोबणीत चिकटून बसतं. म्हणून शेंगदाणा तेलावरचं काम संपलं की उरलेलं तेल काढून घेतो, टाकीत थोडं बार ऑइल घालून काही मिनिटं चालवतो, गोणीवर रेघ उमटली की बंद करतो. साखळी काढून ब्रशने साफ करून तेलात बुडवून ठेवतो. पेट्रोलची टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. शेजारच्या मळ्यातल्या काकांनी परवा तेलाचं प्रमाण विचारून नेलं. त्यांना चिंचेची एक फांदी कापायची आहे. चिंच यादीतली आहे, हे त्यांना आधी सांगितलं.